पाच अक्षरी इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करण्यासाठी नाहीत

‘दुसरे अक्षर ए, शेवटचे ई, एकूण अक्षरे पाच’ अशा अटी घालून इंग्रजी शब्द शोधणाऱ्यांकडे भाषेचे अभ्यासक अनेकदा काहीशा तुच्छतेने पाहतात, आणि शब्दकोड्यात अडलेला माणूस उत्तर मिळताच ती यादी मिटून टाकतो. मला दोन्ही गोष्टी खटकतात. ठरावीक अक्षरे आणि ठरावीक लांबी यांनी बांधलेली यादी हे इंग्रजी स्पेलिंगचा स्वभाव ओळखण्याचे फार चांगले साधन आहे, असे माझे ठाम मत आहे; मात्र तीच यादी शब्दसंपत्तीच्या नावाखाली घोकायला देणे मला अजिबात मान्य नाही.

ओ, यू, जी, एच या चार अक्षरांनी संपणारे पाच अक्षरी शब्द एकाखाली एक लिहून पाहा. सुरुवातीला टी लावला की होतो ‘टफ’, आर लावला की ‘रफ’, सी लावला की खोकल्यासाठीचा ‘कॉफ’, डी लावला की मळलेल्या पिठाला म्हणतात तो ‘डो’, आणि बी लावला की झाडाच्या फांदीसाठीचा ‘बाउ’. शेवटची चार अक्षरे तीच असूनही उच्चार चार प्रकारचे! याला इंग्रजीचा लहरीपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण त्यामागे कारण आहे. जी आणि एच ही जोडी पूर्वी घशातून निघणारा, ‘ख’ला जवळचा असा एक घर्षक ध्वनी दाखवत असे. तो ध्वनी पुढे बहुतेक बोलींतून गेला. काही शब्दांत त्याचा ‘फ’ झाला, काहींत तो पूर्ण मुका झाला. विल्यम कॅक्स्टनने १४७६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला, त्यानंतरच्या काळात स्पेलिंग हळूहळू स्थिरावत गेले, उच्चार मात्र बदलतच राहिले. लांबी सारखी ठेवल्यामुळे या शब्दांत एकच अक्षर बदलते आणि फरक नेमका कुठे आहे हे नजरेत भरते. सुट्या सुट्या शब्दांत तो कधीच इतका स्वच्छ दिसत नाही.

डब्ल्यू आणि आर यांनी सुरू होणारे पाच अक्षरी शब्द तर अर्थाच्या दृष्टीनेही वाचण्यासारखे आहेत. पिळणे या अर्थाचा ‘रिंग’, मनगटासाठीचा ‘रिस्ट’, हिसकावून घेणे या अर्थाचा ‘रेस्ट’ आणि चुकीचे या अर्थाचा ‘राँग’, या सर्वांच्या मुळाशी वळणे, मुरडणे, वाकडे असणे ही कल्पना आहे. आज न उच्चारला जाणारा डब्ल्यू एकेकाळी उच्चारला जात असे. अर्थात ‘राइट’, म्हणजे लिहिणे, हा शब्दही याच यादीत येतो आणि त्याचे मूळ ओरखडण्याशी, कोरण्याशी जोडलेले आहे. त्यामुळे यादी पाहून शंका घ्यावी आणि खात्री व्युत्पत्तिकोशातच करावी. तीच पाच अक्षरे उलटसुलट लावून ‘हार्ट’चा ‘अर्थ’ करणे, म्हणजे हृदयाची पृथ्वी करणे, मनोरंजक आहे, पण त्यातून भाषेविषयी फारसे काही कळत नाही.

पाठांतराला माझा विरोध का, याचे उत्तर ‘वर्डल’ या, रोज एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखण्याच्या ऑनलाइन खेळाच्या जडणघडणीतच आहे. जॉश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला, तेव्हा इंग्रजीतले सुमारे १२,००० पाच अक्षरी शब्द त्यांच्या जोडीदार पलक शहा यांनी एकेक करून तपासले आणि ओळखीचे असे सुमारे २,५०० उत्तरांसाठी ठेवले. इंग्रजीत वावरणाऱ्या व्यक्तीनेही एवढे शब्द बाजूला काढले असतील, तर ते सगळे शिकणाऱ्याच्या माथी मारण्यात काय हशील आहे? तरीही अभ्यासासाठी म्हणून फिरणाऱ्या अनेक याद्यांत रोजचे शब्द आणि कुठेही न भेटणारे शब्द एकाच रांगेत उभे असतात, सोबत ना उच्चार, ना अर्थ, ना एखादे वाक्य.

त्यामुळे अशा याद्या तयार करणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे: प्रत्येक शब्दापुढे उच्चार द्यावा, दुर्मीळ शब्दांवर तशी खूण करावी, आणि सारख्या अक्षरांचे पण वेगळ्या उच्चारांचे शब्द शेजारी शेजारी ठेवावेत. शिकणाऱ्याने एका वेळी एकच अक्षरगट घ्यावा, त्यातला प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणावा आणि जे शब्द वाचनात पुन्हा भेटतील तेवढेच आपल्या वहीत उतरवावेत.