432 हर्ट्झ, गोबेल्स आणि आत्याची बीपीची गोळी

रात्री साडेदहाला आत्याचा फोन. "अरे, ते 432 वालं संगीत लावून झोपलं तर बीपीची गोळी बंद केली तरी चालते का रे?" कुठून आलं हे? भिशीच्या ग्रुपवरून.

फॉरवर्ड म्हणतं: बरोक, क्लासिकल, रोमँटिक या युरोपीय संगीताच्या तिन्ही कालखंडांत सगळे 432 हर्ट्झवर, म्हणजे 'ए' हा स्वर सेकंदाला 432 कंपनांवर धरून, वाद्यं जुळवत. तो निसर्गाचा सूर, त्याने आजार पळतात. मग हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सने तो आज चालतो तसा 440 केला. आणि 1750 ला जर्मन संगीतकार बाख गेला, बरोक संपलं.

गोळी चालूच ठेव, आत्या. बाकीचं नंतर.

"सगळे 432 वर" हे धादांत खोटं. ब्रूस हेन्स या ओबोवादक संशोधकाने जुन्या वाद्यांच्या पट्ट्यांचा अख्खा इतिहास 2002 मध्ये लिहून ठेवलाय. फ्रेंच बरोक 392 च्या आसपास, जर्मन चर्चमधले ऑर्गन 465 च्या घरात. बरोक संगीतकार हेंडेलचा म्हणून जपलेला नादकाटा (सूर जुळवायचा धातूचा चिमटा) 422.5 चा. अहो, जर्मनीतल्या लायप्झिगला बाखच्या एकाच कँटाटात, म्हणजे चर्चमधल्या गायन-वादनाच्या रचनेत, दोन पट्ट्या नांदायच्या! ऑर्गन इतर वाद्यांपेक्षा एक अख्खा स्वर चढा, म्हणून ऑर्गनवाल्याचे कागद बाख एक स्वर उतरवून लिहायचा. गाणं काळी चारमध्ये आणि पेटीवाल्याला काळी तीन धरायला सांगावं, तसं. यात एकच सूर शोधायचा कुठे?

निसर्गाचा का, तर म्हणे पृथ्वीचा ठोका 8 आणि 8 गुणिले 54 म्हणजे 432. बरं, मग 8 गुणिले 55 किती? 440! शिवाय हर्ट्झ मोजायचा सेकंदावर, आणि दिवसाचे सेकंद पाडले माणसाने.

इटालियन ऑपेरा-संगीतकार व्हर्दीने 1884 मध्ये 432 ची बाजू घेतली होती, एवढं मान्य. पण सगळे आधीच 432 वर असते तर त्याला मागणी कशाला करावी लागली असती?

गोबेल्सचं सोडाच. 440 ची शिफारस 1834 मध्येच श्टुटगार्टला झाली होती. 440 ठरवणाऱ्या 1939 च्या लंडन परिषदेत जर्मन होते, तसे इंग्रज आणि फ्रेंचही होते. आणि 1750 चं म्हणाल तर ती पुस्तकवाल्यांच्या सोयीची रेघ. बाखचाच मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल 1742 ला नव्या वळणाचे सोनाटा छापून मोकळा झाला होता.

आत्याने गोळी घेतली. फॉरवर्ड मात्र भजनी मंडळाच्या ग्रुपवर आधीच गेलं होतं.