लाकूड फुगेल, पंप आहे, झिंक लावा: तिन्ही सल्ले तपासून बघा

धक्क्याला बांधलेली जुनी लाकडी शिडाची बोट गळू लागली की एक सल्ला हमखास फिरतो: 'काळजी नको, फळ्या फुगून सांधे मिटतील; तोवर ऑटोमॅटिक पंप आहे; शिवाय झिंक (धातूचे भाग गंजू नयेत म्हणून लावलेले, स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे) भरपूर लावा.' यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, आणि बोटी त्या दुसऱ्या अर्ध्यात बुडतात.

फळ्या फुगतात, पण काठावर सुकलेल्या बोटीच्या. महिनोन् महिने पाण्यातच असलेल्या बोटीचं लाकूड केव्हाच फुगून झालेलं असतं. ती आता गळतेय म्हणजे खिळे गंजलेत, सांध्यातली कापसाची वात सुटलीय, नाहीतर एखादा होज फाटलाय. आधी सी-कॉक, म्हणजे बोटीच्या बुडातल्या भोकांवरच्या झडपा, एकेक बंद करून बघा, मग शाफ्टचं ग्लँड, म्हणजे पंख्याचा दांडा बाहेर पडतो तिथली पाणी अडवणारी जोडणी, मग बोटीच्या तळाच्या कण्याला लागून असलेला फळीचा सांधा. आणि सुकलेल्या सांध्यांत कापूस ठासून भरू नका. फळ्या फुगायला लागल्या की त्यांना जागा उरत नाही. मग खिळे ताणले जातात, फासळ्या तडकतात.

आता पंप. पाण्याच्या पातळीखाली 60 सेंमीवर 38 मिमीचा होज सुटला, तर मिनिटाला साधारण 140 लिटर, म्हणजे तासाला 8,000 लिटरच्या वर पाणी आत येतं. समजा पंपावर तासाला 7,500 लिटर छापलेत, तर ते पाणी वर न चढवता मोजलेले असतात. उंची, वळणं आणि बारीक वायर धरली की हा आकडा चांगलाच घसरतो. पंप 8 अँपिअर खेचत असेल, तर 100 अँपिअर-तासाच्या बॅटरीची वापरण्याजोगी अर्धी क्षमता जेमतेम सहा तास पुरते. धक्क्यावरचा ब्रेकर पडला की चार्जरही बंद. वर भुशाच्या गाळात फ्लोट स्विच, म्हणजे पाणी वाढलं की पंप सुरू करणारा तरंगता स्विच, अडकतो तो वेगळाच. आणि बोट खाली बसून पंपाचं बाहेरचं तोंड पाण्यात गेलं, नळीला वर चढवलेला वेढा आणि हवेची झडप नसली, तर पंप थांबताच त्याच नळीने पाणी उलटं आत येतं. म्हणून पंपासोबत पातळीचा अलार्म हवा, आणि तो ऐकणारं माणूसही.

जादा झिंक तर उलटच करतं. धातूचे भाग वायरने एकत्र जोडलेले असतील, तर पितळी-कांस्य फिटिंगभोवती अल्कली तयार होते आणि ती लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू धरून ठेवणारा घटक, खाते. सी-कॉकच्या बुडाशी पांढरी पूड आणि नखाने सुटणारं तंतुमय लाकूड दिसलं, तर झिंक वाढवू नका. बोट पाण्याबाहेर काढून फिटिंग उतरवा, लाकूड तपासा.