फ्लोअर हीटिंग ‘25 वर न्या, मग बंद करा’ : हा सल्ला पाळू नका

थंडी पडली की जर्मनीतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा : घरात फ्लोअर हीटिंग (फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरवून घर तापवण्याची सोय) असेल तर ऑफिसला जाताना आणि झोपताना ते बंद करा. परत आलात की थर्मोस्टॅट 25 वर न्या, घर झटपट तापेल. 21 झालं की खाली आणा. तरीही खोली जास्त तापत असेल तर थर्मोस्टॅट खराब आहे, स्मार्ट बसवून घ्या आणि तोवर खिडकी तिरकी उघडी ठेवा. बिल निम्म्यावर येईल, अशी खात्रीही शेवटी दिलेली असते. भारतातून नुकतीच आलेली कुटुंबं हे मनापासून पाळतात आणि संध्याकाळी 19, मध्यरात्री 24 अशा घरात लहान मुलांना घेऊन राहतात. म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी 25 चा मुद्दा. साधा थर्मोस्टॅट फक्त व्हॉल्व्ह उघडतो किंवा बंद करतो. नळ्यांतलं पाणी किती गरम असावं हे बॉयलर किंवा हीट पंप (बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारं यंत्र) ठरवतो, तेही बहुतेक ठिकाणी बाहेरच्या तापमानाकडे बघून. खोली 19 वर असताना तुम्ही 22 लावा नाहीतर 25, व्हॉल्व्ह पूर्णच उघडणार आणि फरशी त्याच वेगाने तापणार. 25 लावल्याने तो बंद व्हायला तेवढा उशीर होतो.

आणि तो उशीरच महागात पडतो. इथल्या घरांत नळ्यांवर सिमेंटचा जो थर असतो, त्याची जाडी साधारण 65 मिलिमीटर. म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास 130 किलो. 80 चौरस मीटरच्या फ्लॅटमध्ये तुमच्या पायाखाली दहा टन वजन आहे. ते एका अंशाने तापवायला सुमारे 2.9 युनिट उष्णता लागते, पाच अंशांना 14 युनिट. आता थर्मोस्टॅटने 21 बघून व्हॉल्व्ह बंद केला, पण तोवर फरशी 24 ऐवजी 29 वर गेलेली असेल, तर ही 14 युनिट कुठेही जात नाहीत. गॅस बंद केला तरी तापलेला तवा भाकरी भाजतच राहतो, तसं हे आहे. घरातून बाहेर जाणारी उष्णता दोन किलोवॅट धरली, तर तेवढ्या जादा साठ्यावर घर सात तास चालेल. पॅसेजमधली हीटिंगची पेटी उघडून बघा : फ्लो मीटरच्या (पाणी किती वाहतंय ते दाखवणाऱ्या) नळीतला काटा शून्यावर आलेला दिसेल, पाणी थांबलेलं असेल, आणि खोलीतला आकडा मात्र चढतच असेल. थर्मोस्टॅट खराब नाही. त्याने बंद करायचं ते केलं, फरशीतली उष्णता परत काढून घेणं त्याच्या हातात नाही.

मग हा ओव्हरशूट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही खोली हव्या त्या तापमानापुढे जाणं, टाळायचा कसा? फरशी मुळातच कमी तापवून. फरशी खोलीपेक्षा जेवढी गरम, त्या प्रत्येक अंशाला दर चौरस मीटर साधारण 10 ते 11 वॅट उष्णता खोलीत येते. फरशी 23 आणि खोली 21 असेल तर वीसेक वॅट. पाहुणे आले, स्वयंपाक झाला, खोली 22 झाली, की तेच निम्मं होतं. 23 ला शून्य. फरशी स्वतःच स्वतःला आवरते, कुणाला बटण दाबावं लागत नाही. पण फरशी 29 वर नेली असेल तर खोली 22 झाली तरी ऐंशीपैकी सत्तर वॅट येतच राहतात. आवरण्याची शक्तीच गेली. मेसेजमधली ‘बंद करा, मग जोरात लावा’ ही पद्धत नेमकी हीच शक्ती मारते, आणि माझा खरा आक्षेप हाच आहे.

कमी पण सतत तापमान मिळवायला हीटिंग कर्व्ह खाली आणावी लागते. बाहेर किती थंडी असताना किती गरम पाणी पाठवायचं, याचा तो हिशेब. सगळे थर्मोस्टॅट उघडे ठेवायचे, कर्व्ह थोडी उतरवायची, दोन दिवस थांबायचं, पुन्हा थोडी उतरवायची. खोल्या जेमतेम हव्या त्या तापमानाला पोचतात तिथे थांबायचं. एकच खोली तापत किंवा गारठत असेल तर त्या खोलीच्या नळ्यांतून (सर्किटमधून) किती पाणी वाहतं ते जुळवून घ्यायचं. हीट पंप असेल तर पाण्याचा प्रत्येक अंश कमी केल्याने वीज दोन-अडीच टक्के वाचते. खरी बचत ही आहे.

स्मार्ट थर्मोस्टॅट निरुपयोगी नाही. जो तापमान जवळ आलं की व्हॉल्व्ह थोडा थोडा वेळच उघडतो, तो ओव्हरशूट नक्की कमी करतो. पण विकत घेण्याआधी आहे त्याचा इन्स्टॉलर मेनू (बसवणाऱ्यासाठीच्या सेटिंग) बघा. पुष्कळ मॉडेलांत ‘रेडिएटर की फ्लोअर’ असा पर्याय असतो. तो रेडिएटरवर राहिलेला असेल तर फुकटात दुरुस्ती होते.

खिडकीचा सल्ला मात्र घातक आहे. तिरक्या खिडकीने हवा गार होते, फरशी नाही. गार हवा लागली की थर्मोस्टॅट पुन्हा व्हॉल्व्ह उघडतो, फरशीत आणखी उष्णता भरली जाते, खिडकी बंद केली की खोली आणखी तापते. वर खिडकीच्या कडेची भिंत गारठून तिथे बुरशी धरते ती वेगळीच. हवा हवी असेल तर पाच मिनिटं खिडक्या सताड उघडा आणि बंद करा.

मार्चमधल्या दुपारचं कारण निराळं. दक्षिणेच्या मोठ्या काचेतून दीड किलोवॅट ऊन सहज आत येतं. त्यावर हीटिंगमध्ये काहीच उपाय नाही. बाहेरचं शटर दहा वाजताच अर्धं खाली घ्या.

रात्री बंद ठेवण्याने काहीच वाचत नाही असं नाही. थंड घर कमी उष्णता गमावतं, हे खरंच आहे. पण चांगल्या इन्सुलेशनच्या घरात रात्रीतून जेमतेम एखादा अंश उतरतो, त्यातून बिल निम्मं होणं शक्य नाही. आठवडाभर गावाला जाणार असाल तर दोन-तीन अंश कमी ठेवा आणि परतण्याच्या आदल्या दिवशी पूर्ववत होईल असं लावा. बाथरूममध्ये टाइलखाली पातळ विजेची मॅट असेल तर ती खुशाल हवी तेव्हा लावा, तिच्यात साठा फारसा नसतो.

भाड्याच्या घरात कर्व्ह तुमच्या हातात नसते, ती तळघरातल्या हीटिंग रूममध्ये असते. अशा वेळी थर्मोस्टॅट एकाच आकड्यावर ठेवून दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ प्रत्येक खोलीचं आणि बाहेरचं तापमान लिहून काढा. तो तक्ता जोडून हाउसफेरवाल्टुंगला (इमारतीचं व्यवस्थापन बघणाऱ्या कंपनीला) लेखी कळवा : खोल्या जादा तापतात, हीटिंग कर्व्ह तपासावी आणि हायड्रॉलिक बॅलन्सिंग (प्रत्येक खोलीला हवं तेवढंच पाणी मिळेल अशी जुळणी) करावं.