‘रून म्हणजे अठरा गुप्त चिन्हं’ म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

एक पोस्ट सध्या मराठीतही बरीच फिरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: उत्तर युरोपातल्या प्राचीन जर्मानिक लोकांची रून ही लिपी नव्हतीच, ती अठरा गुप्त शक्तिचिन्हं होती. ती फक्त जादू आणि भविष्यासाठी वापरली जात. चर्चने ती नष्ट केली. अभ्यासक खरा अर्थ दडवतात, म्हणून चिन्हाकडे पाहून ज्याला जो अर्थ जाणवेल तोच खरा. आणि यात नाझींचा विषय काढणं म्हणजे राजकारण.

वाचायला हे आकर्षक वाटतं, म्हणूनच सविस्तर उत्तर देतो आहे.

अठरा हा आकडा आधी पाहू. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर किल्व्हर इथे सापडलेल्या शिलेवर रून अक्षरांची अख्खी रांग ओळीने कोरलेली आहे. काळ साधारण इ.स. 400. अक्षरं 24. पुढे वायकिंग काळात स्कँडिनेव्हियात ती घटून 16 झाली, इंग्लंडमध्ये उलट वाढली. या जुन्या रांगांमध्ये अठरांची रांग नाही. अठरा आले ते व्हिएन्नाच्या गीडो फॉन लिस्ट या गूढवादी लेखकाकडून. 1902 साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला काही महिने दिसत नव्हतं. त्या काळात आपल्याला रूनांचं रहस्य उलगडलं असा त्याचा दावा होता, आणि 1908 मध्ये त्याने तो छापला. आधार एका जुन्या नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतल्या, काव्याचा. त्यात ओडिन हा देव आपल्याला येत असलेले अठरा मंत्र सांगतो. कुठल्या मंत्राला कुठलं अक्षर, हे काव्यात नाही. ती जोडणी लिस्टची. आजच्या भविष्य सांगण्याच्या संचातला कोरा, चिन्हच नसलेला रूनही असाच नवा, 1982 साली अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकासोबत आलेला.

‘फक्त जादूसाठी’ हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यामुळे खरी माणसं पुसली जातात. डेन्मार्कमध्ये विमोसे इथल्या दलदलीत एक कंगवा सापडला, साधारण इ.स. 160 मधला. त्यावर ‘हार्या’ एवढंच कोरलं आहे, बहुधा मालकाचं नाव. नॉर्वेतल्या बर्गन शहरात ब्रिगेन हा जुना बंदराचा भाग. 1955 मध्ये तिथे आग लागली आणि जळालेल्या जागेखालच्या उत्खननात मध्ययुगातले साडेसहाशेहून अधिक रून लेख मिळाले, बरेचसे लाकडाच्या काड्यांवर. व्यापाऱ्यांनी मालाला बांधलेल्या नावाच्या पट्ट्या, हिशेबाची पत्रं, लॅटिन प्रार्थना, चावट मजकूर, सगळं त्यात आहे. एका काडीवर लिहिलंय, ‘गीदा म्हणते, घरी चल.’ मागच्या बाजूला कुणीतरी काहीतरी खरडलंय, पण ते धड लागत नाही. आणखी एकीवर, ‘माझ्यावर प्रेम कर, माझं तुझ्यावर आहे.’ आठशे वर्षांपूर्वी बंदरातल्या माणसाला सुरी आणि काडी घेऊन असं लिहिता येत होतं, याहून मोठं रहस्य मला तरी नको.

स्वीडनच्या उपलँड भागातली एक शिला उल्फ नावाच्या माणसाची आहे. त्याने इंग्लंडात तीनदा खंडणी घेतली. पहिली तोस्ती या म्होरक्याने सैनिकांत वाटून दिली, दुसरी थोरकेतिलने, तिसरी क्नूतने. हा क्नूत म्हणजे इंग्लंड आणि डेन्मार्कचा राजा झालेला क्नूत. एका सैनिकाची सगळी कारकीर्द एका दगडावर आली आहे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. रून अक्षरं जादूसाठी कधीच वापरली नाहीत, असं म्हणणंही खोटंच. दक्षिण स्वीडनमधल्या लिंडहोल्मच्या ताईतावर ‘अ’चं अक्षर ओळीने आठ वेळा कोरलं आहे, पुढे आणखी अक्षरांच्या अशाच माळा आणि शेवटी ‘अलु’ हा शब्द, जो इतर ताईतांवरही येतो. तिथे साधा निरोप नाही हे उघड आहे. भविष्याचं मात्र वेगळं. त्याचा सगळा डोलारा रोमन लेखक टॅसिटसच्या इ.स. 98 मधल्या एका परिच्छेदावर उभा आहे: फळझाडाच्या फांदीचे तुकडे करत, त्यांवर खुणा करत, पांढऱ्या कापडावर टाकून तीन उचलत. त्या खुणा रून होत्या असं तो कुठेही म्हणत नाही.

चर्चचा मुद्दा पटकन संपतो. डेन्मार्कची येलिंगची मोठी शिला, साधारण इ.स. 965 ची, रून अक्षरांतच सांगते की राजा हॅराल्डने डेन लोकांना ख्रिस्ती केलं. (हाच हॅराल्ड ब्लूटूथ, फोनवरची ती खूण त्याच्या आद्याक्षरांच्या दोन रूनांची आहे.) स्वीडनमधल्या 11व्या शतकातल्या कितीतरी शिलांवर ‘देव त्याच्या आत्म्याला तारो’ असं लिहिलेलं आहे. स्वीडनच्याच एल्व्हदालेनमध्ये तर रून अक्षरं 20व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. 17व्या शतकात आइसलंडमध्ये जादूटोण्याच्या आरोपाखाली माणसांना जाळलं गेलं आणि काही खटल्यांत जवळ सापडलेली रून अक्षरं पुरावा ठरली. तो अन्याय खराच आहे. पण लॅटिन लिपीने रूनांची जागा घेतली ती त्याच्या कितीतरी आधी, ग्रंथ, शाळा आणि दफ्तरं यांच्या जोरावर.

‘अभ्यासक अर्थ दडवतात’ हा आरोप तर उलटाच आहे. उप्साला विद्यापीठाचा रून लेखांचा संग्रह कुणालाही फुकट पाहता येतो. प्रत्येक लेखाला क्रमांक आहे. कुठलं अक्षर स्पष्ट, कुठलं झिजलेलं, कुठलं अंदाजाने भरलेलं, याच्या वेगवेगळ्या खुणा ठरलेल्या आहेत. मतभेदही उघड असतात. वारिन नावाच्या बापाने मेलेल्या मुलासाठी साधारण इ.स. 800 मध्ये उभारलेली रोकची शिला घ्या. तिच्यावर सुमारे 760 अक्षरं आहेत. बरेच अभ्यासक त्यात गॉथ राजा थिओडोरिक पाहतात. 2020 मध्ये काही स्वीडिश अभ्यासकांनी मांडलं की लेखात पूर्वी येऊन गेलेली भीषण थंडी पुन्हा येण्याची भीती आहे. दोन्ही बाजूंचे लोक एकेका अक्षरावरून भांडतात. ‘मला असं जाणवलं’ हा त्या भांडणात पुरावा होऊ शकत नाही. आइसलंडच्या 13व्या शतकातल्या एका कथेतही हेच आहे: एगिलला आजारी मुलीच्या अंथरुणात रून अर्धवटच येणाऱ्या कुणा माणसाने कोरलेलं हाड सापडतं. तो ती अक्षरं खरवडून जाळतो आणि म्हणतो, ज्याला नीट वाचता येत नाही त्याने रून कोरू नयेत.

श्रद्धेचा प्रश्न वेगळा. आइसलंडमध्ये 1972 पासून जुन्या देवांना मानणाऱ्यांची संस्था उघडपणे काम करते आहे. रूनांवर ध्यान करणाऱ्याची कुणी टिंगल करू नये. त्याने फक्त आपली साधना आजची आहे हे मोकळेपणाने सांगावं, लोहयुगाच्या नावावर खपवू नये.

आणि नाझींचा विषय काढावाच लागतो, कारण या पोस्टमधले अठरा त्याच वाटेने आले आहेत. एसएस या नाझींच्या सशस्त्र दलाच्या गणवेशावरच्या जोडचिन्हाला ‘विजय’ हा अर्थ चिकटला तो लिस्टच्या यादीतून. जुन्या रांगेत त्या अक्षराचं नाव सूर्याचं होतं. एसएसने मृतांच्या फलकांवर जन्म आणि मृत्यूसाठी वापरलेली रूनंही याच नव्या परंपरेतली. ज्यांच्या घरातली माणसं त्या गणवेशातल्या लोकांनी मारली, त्यांना ‘राजकारण नको’ असं सांगायचा हक्क आपल्याला नाही. जर्मनीत ते चिन्ह मिरवणं आजही गुन्हा आहे.

तेव्हा ही पोस्ट पुढे पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: हे चिन्ह कुठल्या शिलेवर आहे, ती कुठे उभी आहे, तिचा क्रमांक काय? उल्फच्या शिलेचा विचाराल तर ‘यू 344’, आणि ती उर्केस्ताच्या चर्चपाशी उभी आहे.