आधी गलबत काढा, माणसं नंतर

वसाहतीला तीनशे वर्षं झाली आणि टपाल तिकिटाचं काम तुमच्या गळ्यात पडलं, तर घाबरू नका. अमेरिकेच्या टपाल खात्याने वाट मळून ठेवली आहे.

इतिहास वाचत बसू नका. गलबत काढा, शिडं फुगवा. इंग्रज वसाहतकरांना 1620 मध्ये अमेरिकेत आणणाऱ्या मेफ्लॉवर गलबताची 1920 साली त्रिशताब्दी झाली, तेव्हा एक सेंटवर गलबत, दोन सेंटवर किनाऱ्यावर उतरणं, पाच सेंटवर वसाहतीच्या कारभाराच्या करारावर सह्या. झालं काम! तिन्ही तिकिटांवर देशाचं नावच नव्हतं. आपण पत्त्यात गाव लिहायला विसरलो की पोस्टमन चार गोष्टी सुनावतो. खात्याला कोण सुनावणार?

उतरल्यानंतरचा पहिला हिवाळा गाळा. त्यात जवळपास निम्मी माणसं दगावली. उरलेल्यांना मका पेरायला शिकवला टिस्क्वांटम नावाच्या तिथल्याच माणसाने. त्याला इंग्रजी यायचं, कारण 1614 मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं आणि तिथून तो इंग्लंडला पोचला होता. छे, मक्याचं काढायला गेलात तर कणीस मोठं आणि गलबत लहान दिसेल.

चेहऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. 1893 च्या मालिकेत एक सेंटवर कोलंबसाला जमीन दिसते, तेव्हा गाल गुळगुळीत. दोन सेंटवर काही तासांनी तो उतरतो, तेव्हा भरघोस दाढी. हवा मानवली असेल.

मूळची माणसं अगदीच टाळता येईनात, तर एखादी घ्या, पण कपडे आपले घाला. जेम्सटाउन या इंग्रज वसाहतीच्या 1907 च्या मालिकेत तिथल्या मूळ टोळीप्रमुखाची मुलगी पोकाहॉन्टस आहे: लेसची इंग्रजी कॉलर, डोक्यावर हॅट. खरं नाव मातोआका; पोकाहॉन्टस हे टोपणनाव. बारशाचं नाव बाजूला ठेवून सरकारी कागदावर ‘बेबी’ लिहावं, तसं. इंग्लंडला नेली, तिथेच 1617 मध्ये वारली. पाच सेंट.

सगळ्यात सोयीची मात्र व्हर्जिनिया डेअर. अमेरिकेत इंग्रज आईबापांच्या पोटी जन्मलेलं पहिलं मूल, रोआनोक बेटावर, 1587. आजोबा जॉन व्हाइट सामान आणायला इंग्लंडला गेले ते 1590 मध्ये परतले. वसाहतीत चिटपाखरू नव्हतं. खांबावर ‘क्रोएटोअन’ एवढा एक शब्द कोरलेला. नातीचं काय झालं, कुणालाच कळलं नाही. 1937 साली तिकीट निघालं, त्यात बाळ आईच्या कुशीत आहे. तुम्हीही तेवढंच काढा. खांब नको.