सूर जुळलाच पाहिजे का?

विनोदी चित्रपटाने मूळ कादंबरीचा सूर सोडला की माती होते, असं एका लेखात वाचलं, पण ते काही पटलं नाही. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकचा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (१९६४) हा विनोदी चित्रपट घ्या. तो ज्या कादंबरीवर बेतलाय ती पीटर जॉर्जची 'रेड अलर्ट' (१९५८) वाचलीत तर हसायला जागाच नाही, सरळसोट थरारक कादंबरी. कुब्रिकही आधी गंभीरच पटकथा लिहीत होता. पण अणुयुद्धाचे तपशील रंगवताना प्रसंग हास्यास्पद व्हायला लागले, तेव्हा त्याने तेच धरून ठेवलं. ज्याच्या नावाने चित्रपट ओळखला जातो तो डॉक्टर तर कादंबरीत औषधालाही नाही!

मला सगळ्यात आवडतो तो फोनचा प्रसंग. अमेरिकेचा अध्यक्ष रशियाच्या पंतप्रधानाला फोन करून सांगतोय की आमच्या एका कमांडरचं डोकं फिरलंय आणि त्याने तुमच्यावर विमानं सोडलीत. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. अध्यक्ष झालेला नट पीटर सेलर्स रुसलेल्या पाहुण्याची समजूत काढावी तसा 'दिमित्री, दिमित्री' करत बसतो. ना अंगविक्षेप, ना आरडाओरडा. (आपल्याकडच्या विनोदवीरांना हे सक्तीने दाखवायला हवं.) त्याच चित्रपटात त्याच्या आणखी दोन भूमिका आहेत, त्यातला ब्रिटिश अधिकारी मँड्रेक तर जग वाचवायला निघालाय आणि फोनला सुटे पैसे नाहीत!

शेवटही बदललाय. कादंबरीत संकट टळतं, इथे टळत नाही. टळलं असतं तर चित्रपट निम्म्याने मिळमिळीत झाला असता, असं माझं तरी मत.