भूकंपग्रस्तांना बोलतं करायची घाई नको

कुठे भूकंप झाला की मुंबईतून मदत निघते. सोसायट्यांमध्ये कपडे गोळा होतात, मंडळं ट्रक भरतात, हल्ली सोबत समुपदेशकही जातात. मनाचाही विचार होतोय याचा आनंदच आहे. पण दोन दिवसांचं शिबिर, लोकांना तंबूत गोल बसवायचं, "मन मोकळं करा, त्या रात्री काय झालं सांगा", मग फोटो आणि परतीचा प्रवास, हे मला अजिबात पटत नाही. जिने आठवड्यापूर्वी स्वतःचं लेकरू ढिगाऱ्यातून काढलं, तिला अनोळखी माणसांपुढे ते पुन्हा सांगायला लावायचा आपल्याला काय अधिकार?

जागतिक आरोग्य संघटनाही असं वदवून घेऊ नका म्हणते. 2011 साली त्यांनी मानसिक प्रथमोपचारावर पुस्तिका काढली. पाहा, ऐका, जोडून द्या, एवढाच तिचा गाभा. बोलावंसं वाटलं तर ऐकायचं, नाहीतर नुसतं जवळ बसायचं. हरवलेल्या माणसाचा शोध घेऊन देणं, रेशनच्या रांगेत सोबत उभं राहणं, हेही त्यातच आलं.

किल्लारी आठवा. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं अंगावर आली, हजारो माणसं गेली. सामूहिक दहन करावं लागलं. ज्यांना आपल्या माणसाचं तोंड शेवटचं बघता आलं नाही, त्यांनी पुढची वर्षं कशी काढली असतील? मृतांची ओळख पटवणं, घरच्यांना विधी करू देणं, हे प्रशासनाने मानसिक आरोग्याचं काम म्हणूनच करायला हवं. पुढे गावं नव्या जागी, आखीव रस्त्यांवर वसली. पक्कं घर मिळालं, पण जुन्या गल्लीतली भावकी आणि शेजार विखुरला. घरं वाटताना शेजार जपायला खर्च किती येतो?

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. फिट येणारे, स्किझोफ्रेनियाचे रुग्ण त्या गावांत आधीपासून असतातच. त्यांच्या गोळ्या ढिगाऱ्यात जातात. फिटची गोळी अचानक बंद झाली तर जिवावर बेतू शकतं. आपल्या औषधांच्या खोक्यात ती असते का?

डोक्यावर छप्पर, मुलांना शाळा, हाताला काम मिळालं की बहुतेकांची झोप हळूहळू परत येते. काहींची येत नाही. कोणी दारूकडे वळतो, कोणी जेवण सोडतं. हे कळतं काही महिन्यांनी, तोवर आपण मुंबईत परतलेले असतो. तेव्हा दारात जाते ती गावचीच आशाताई. तिला घरातली माणसं माहीत असतात, बोली एकच असते.

म्हणून मंडळांना कळकळीची विनंती आहे. पुढच्या वेळी निधीचा एक हिस्सा वर्षभरासाठी राखून ठेवा. आशाताईंचं आणि शिक्षकांचं प्रशिक्षण, तालुक्याला दर महिन्याला येणारा मानसोपचारतज्ज्ञ, त्याच्या गाडीचं भाडं, औषधं, यासाठी तो वापरा. जिल्हा रुग्णालयाशी बोलूनच ठरवा. आणि ट्रकवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावा. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.